वृंदनायकाची तालीम

गवयास आपली विद्या घरीं बसून घोटतां येते. पहांटे तंबोरा जुळवावा, दाराला आंतून कडी लावावी आणि एकच पलटा शंभर वेळां म्हणावा. चुकला तर ऐकणारें कोणी नसतें, साधला तर समाधान ज्याचें त्याला लाभतें. तबलजीच्या घरीं तबला असतो, सतारियाच्या घरीं सतार असते. परंतु संगीताच्या व्यवसायांत एक मनुष्य असा आहे कीं, त्याचें वाद्य त्याच्या घरीं राहत नाहीं. तें वाद्य म्हणजे वीस, पन्नास किंवा शंभर जिवंत माणसें. तीं दिवसा आपापल्या उद्योगाला जातात, सायंकाळीं थकून-भागून येतात, आणि त्यांचा जो तास-दीड तास पदरीं पडेल तेवढाच काय तो या मनुष्याचा रियाज! हा मनुष्य म्हणजे वृंदाचा नायक. मग तो वृंद समूहगायनाचा असो, वाद्यांचा असो, कीं टाळमृदंगाच्या दिंडीचा असो. सभेंत सर्वांचा आवाज ऐकूं येतो, याचा मात्र बहुधा येत नाहीं. तरीसुद्धां गाणें बिघडलें कीं त्याचा दोष अखेर याच्याकडे येतो आणि साधलें कीं त्याचें श्रेयही बरेंचसें याचेंच असतें. अशा मनुष्यानें आपली विद्या शिकावी कोठें, आणि शिकल्यावर ती वाढवावी कशी, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाहीं.

विश्रामबाग हें उपनगर सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मध्यें आहे. एका बाजूस सांगली. तेथें १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. दुसऱ्या बाजूस मिरज. तेथील कारागिरांचे तंबोरे व सतारी देशभर जातात. खुद्द विश्रामबागेंत १९१९ सालीं स्थापन झालेलें विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ सालीं स्थापन झालेलें वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा या परिसरांत स्नेहसंमेलनाचे दिवस आले, गणेशोत्सव आला, स्वातंत्र्यदिन आला, कीं गाणारीं मुलें जमतात आणि त्यांच्यापुढें कोणी तरी एकजण उभा राहतो. बहुधा तो शाळेंतील संगीतशिक्षक असतो; कधीं हौशी प्राध्यापक, कधीं भजनीमंडळांतील जाणता गृहस्थ, तर कधीं नुसता गळा बरा म्हणून पुढें ढकललेला विद्यार्थी. त्याच्या चुका त्याला कोणी सांगत नाहीं. खालचे सांगत नाहींत ते भिडेमुळें. वरचे सांगत नाहींत ते अज्ञानामुळें. आणि त्याच्यासारखाच जो दुसरा नायक चार गल्ल्या पलीकडे तेंच गाणें बसवीत असतो, त्याची व याची गांठ स्पर्धेच्या दिवशींच काय ती पडते. त्या दिवशीं तर दोघांच्या मध्यें परीक्षक बसलेला असतो!

नायकाची चूक ही मोठी विलक्षण वस्तु आहे. गवयाची चूक त्याच्याच गळ्यांतून निघते, म्हणून ती त्याला कळते. नायकाची चूक दुसऱ्याच्या गळ्यांतून निघते. समजा, पन्नास मुलें एका शब्दावर एकदम उठावयाचीं होतीं, परंतु तीं मागें-पुढें उठलीं. नायक रागावतो, मुलांचें लक्ष नव्हतें असें त्याला वाटतें. वास्तविक, सम दाखविण्यापूर्वीं त्याचा हात वर जावयास हवा होता आणि त्या हाताबरोबर मुलांनीं श्वास घ्यावयास हवा होता. तो हात वर गेलाच नाहीं. लय हळूहळू वाढत जाते. नायक तबलजीकडे डोळे वटारून पाहतो. पण लय वाढलेली असते ती त्याच्या स्वतःच्या खांद्यांत. गाणें मृदु व्हावें म्हणून तो तोंडानें ‘हळू, हळू’ म्हणतो आणि हात मात्र छातीपासून दूरवर फेंकतो. मुलें तोंडाचें ऐकत नाहींत, हात पाहतात आणि अधिकच मोठ्यानें गातात. सर्वांत मोठी फसवणूक तर पुढेंच आहे. ज्या नायकाला गाणें पाठ असतें तो मुलांबरोबर मनांत, पुष्कळदां ओठांनींही, गात असतो. त्यामुळें समोर जें गायिलें जात आहे तें त्याला ऐकूंच येत नाहीं. त्याच्या मनांत जें वाजत असतें, तेंच तो ऐकतो आणि प्रसन्न होतो.

याचा दंड भरतो कोण? रांगेंतील एखादें मूल सुरास किंचित् उतरतें. कदाचित् गाण्याची पट्टी त्याच्या गळ्याला फार उंच असेल. कदाचित् तें अशा जागीं उभें असेल कीं, पेटीचा सूर त्याच्यापर्यंत पोंचतच नसेल. हें न ओळखणारा नायक त्याच्या कानांत सांगतो, “तूं नुसते ओठ हलव.” समारंभ उत्तम पार पडतो, टाळ्या मिळतात. पण तें मूल पुढें जन्मभर ‘मला गातां येत नाहीं’ असें म्हणत राहतें. नायकाच्या अपुऱ्या विद्येची किंमत ही अशी दुसऱ्यानें चुकती केलेली असते. आणि म्हणूनच ती विद्या पुरी कशी होईल, हा केवळ कलावंतांचा खाजगी प्रश्न राहत नाहीं.

या प्रश्नाचें पहिलें उत्तर सांगलीच्याच इतिहासांत सांपडतें. १८४२ च्या सुमारास कर्नाटकांतील भागवत मंडळी सांगलीस आली होती. त्यांच्या खेळांत भागवत हाच सर्वांचा चालक. हातांत टाळ घेऊन त्यानें पद म्हणावें, त्याच्या इशाऱ्यावर मृदंग वाजावा, पात्रांनीं नाचावें आणि बोलावें, अशी त्या खेळाची रीत. सांगलीचे अधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं तो खेळ पाहून आपल्या पदरच्या विष्णु अमृत भावे या तरुणास त्या धर्तीचा, परंतु अधिक नेटका असा मराठी खेळ रचावयास सांगितलें. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं ‘सीतास्वयंवर’ झालें. तो दिवस आजही मराठी रंगभूमि-दिन म्हणून पाळला जातो.

भाव्यांच्या खेळाचा प्राण म्हणजे त्यांतील सूत्रधार. मंगलाचरण आटोपून तो रंगभूमीवरून निघून जात नसे. साथीदारांसह तो बाजूस उभा राही. आख्यानांतील पदें तोच म्हणे. आणि पद संपलें कीं पात्रांनीं त्याच्या अनुरोधानें आपल्या मनचें भाषण करावें, असा प्रकार असे. पात्रांचीं भाषणें लिहिलेलीं नसत. अर्थात् कोणतें पद केव्हां उचलावें, राक्षसाचा धिंगाणा कोठें आवरता घ्यावा, गडबडलेल्या पात्राला सांवरून घेण्यासाठीं एखादी ओळ पुन्हां केव्हां म्हणावी, हें सारें सूत्रधाराच्या सावधपणावर अवलंबून असे. मृदंग्यानें त्याच्याकडे पाहावयाचें, पात्रांनीं त्याच्याकडे कान द्यावयाचा, आणि त्यानें सर्वांकडे! वृंदनायकाचें काम याहून निराळें नाहीं.

ही विद्या सूत्रधारास कोणत्या पाठशाळेंत मिळाली? कोणत्याही नाहीं. भागवत काम करतांना पाहिला, त्यांतील घेण्यासारखें घेतलें, टाकण्यासारखें टाकलें, आणि उरलेलें तालमींत घडत गेलें. पुढें इचलकरंजीकर, कोल्हापूरकर, आळतेकर अशा अनेक मंडळ्या निघाल्या, त्या याच साच्यांतून. या मंडळ्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या. परंतु ज्या खेळाला सारें गांव लोटतें तो खेळ प्रतिस्पर्ध्यापासून लपवून ठेवतां येत नाहीं. प्रेक्षकांत बसलेला दुसऱ्या मंडळीचा सूत्रधार हा त्या रात्रीचा सर्वांत जागरूक विद्यार्थी असला पाहिजे, हें सांगावयास नको. नायकानें नायकाकडून शिकावें, हा पाठ मराठी रंगभूमीनें असा जन्मतःच गिरविला.

योगायोग असा कीं, सांगलीस हा खेळ झाला त्याच १८४३ सालाच्या आरंभीं, हजारों मैल दूर, जर्मनींतील लाइप्झिग शहरीं दोन वृंदनायकांची भेट झाली. यूरोपांतही हातीं छडी घेऊन वृंदापुढें उभें राहण्याची पद्धत तेव्हां फारशी जुनी नव्हती. त्यापूर्वीं कोणी वाद्याच्या बैठकीवरून मान हलवून वृंद चालवी, कोणी जाड काठी जमिनीवर आपटून ताल धरी. फ्रान्सच्या दरबारचा संगीतकार ल्यूली याला तर अशीच काठी स्वतःच्या पायावर बसली आणि ती जखम चिघळून १६८७ सालीं त्याचा अंत झाला! लाइप्झिगचा नायक होता मेंडेल्सझोन. तेथें पाहुणा म्हणून आला होता फ्रेंच संगीतकार बर्लिओझ. एकाची वृत्ति रेखीव व संयमी, दुसऱ्याची वादळी. एकमेकांच्या रचनांविषयीं दोघांचें मत सारखें नव्हतें. तरीही मेंडेल्सझोननें पाहुण्याला त्याच्या तालमींत मनापासून साह्य केलें, आणि त्याचें काम पाहून बर्लिओझनें त्याची छडी आठवण म्हणून मागून घेतली. बदल्यांत त्यानें आपली स्वतःची छडी धाडली. मेंडेल्सझोनची छडी नाजूक. बर्लिओझची म्हणजे सालीसकट असलेलें ओबडधोबड दांडकें! पुढें बर्लिओझनें नायकाच्या कलेवर स्वतंत्र निबंध लिहिला. ही छड्यांची अदलाबदल विनोदानें झाली असली तरी तिचा अर्थ गंभीर आहे. रसिकतेंत भेद असला तरी कसबाच्या बाबतींत एकमेकांचे हात पाहावे लागतात, हें दोघांनींही ओळखलें होतें.

महाराष्ट्रांत मात्र पुढें वेगळी वाट लागली. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें आणि पदें पात्रांच्या मुखीं गेलीं. सूत्रधार नाटकाच्या प्रवेशद्वारापुरता उरला. मग वृंदाचें नायकत्व कोणाकडे गेलें? तें वांटलें गेलें. कांहीं भाग तालीममास्तरांकडे गेला. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांची या कामांतील ख्याति सर्वश्रुत आहे. कांहीं भाग साथीदारांकडे गेला. १९१३ सालीं निघालेल्या गंधर्व नाटक मंडळींत कादरबक्षांची सारंगी होती, अहमदजान थिरकवा यांचा तबला होता, ऑर्गन होता. छडी कोणाच्याच हातीं नव्हती. गाणारा नट श्वास घेई, तो श्वास साथीदार ओळखीत आणि पुढची जागा सर्वजण मिळून गांठीत. नायकत्व येथें डोळ्यांतून कानांत उतरलें होतें. नायकाला आज जें सर्वांत अवघड वाटतें तें, म्हणजे बोलणें थांबवून ऐकणें, त्या साथीदारांच्या अंगीं मुरलेलें होतें. परंतु ही विद्या मंडळीच्या बिऱ्हाडांत राहिली. कागदावर ती फारशी उतरली नाहीं. मंडळ्या एकामागून एक मोडल्या, तेव्हां ज्याचें त्याच्याबरोबर गेलें. विद्या एकाच घरांत कोंडली कीं घराबरोबर ती बसते, हा या इतिहासाचा दुसरा पाठ आहे.

तिसरा पाठ शेजारच्या सातारा जिल्ह्यांतून मिळतो, आणि तो नाटकगृहांतला नसून रस्त्यावरचा आहे. साताऱ्याजवळील आरफळचे हैबतबाबा यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखीला शिस्तबद्ध सोहळ्याचें रूप दिलें. या सोहळ्यांतील प्रत्येक दिंडी म्हणजे एक चालता वृंद होय. पुढें पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्यें मृदंग, आणि या सर्वांचा नायक म्हणजे वीणेकरी. त्याच्या हातांत छडी नसते. गळ्यांत वीणा असते. अभंग तो उचलतो, चाल तो देतो, आणि पाय चालत असतांना शेंकडों टाळ एका ठोक्यावर पडतात. वीणेकरी होण्याची परीक्षा नाहीं. मुलगा आधीं शेवटच्या रांगेंत टाळ घेऊन चालतो, वर्षें जातात, चाली कानांत बसतात, कोणता वीणेकरी चढावर लय कशी सांभाळतो, दमलेल्या मंडळींना कोणत्या अभंगानें उठवितो, हें तो पायांनीं शिकतो. नायकत्वाची पहिली पायरी म्हणजे रांगेंत उभें राहणें, हें येथें कोणास पटवून द्यावें लागत नाहीं.

याच सोहळ्यांत आणखी एक रीत आहे. सायंकाळीं तळावर समाज-आरतीसाठीं साऱ्या दिंड्या जमतात, टाळमृदंगांचा एकच कल्लोळ चाललेला असतो. चोपदार आपला दंड उंच करतो आणि त्या क्षणीं हजारों टाळ थांबतात. परंतु ज्या दिंडीची कांहीं तक्रार असेल, ती दिंडी मात्र टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्यापाशीं जातो, गाऱ्हाणें ऐकून घेतो, निवाडा होतो, आणि तेव्हांच ते टाळ थांबतात. शांततेची आज्ञा देणाऱ्यालाच त्या शांततेंतून गाऱ्हाणें ऐकविण्याची ही सोय किती मार्मिक आहे! नायकाची आज्ञा आणि नायकाला मिळणारी सूचना या दोन्ही गोष्टी एकाच विधींत बसविल्या आहेत. त्यांत आज्ञेचा मान कमी होत नाहीं. उलट जी आज्ञा गाऱ्हाणें ऐकून घेते तीच अधिक मनापासून पाळली जाते.

रांगेंत उभें राहून शिकण्याचें हें तत्त्व यूरोपांतही निराळ्या वाटेनें दिसून आलें, आणि त्यांत मुंबईचा एक मुलगा होता. मेहली मेहता यांनीं १९३५ सालीं मुंबईंत पाश्चात्य संगीताचा एक मोठा वाद्यवृंद उभारला. त्यांचे पुत्र झुबिन १९३६ सालीं जन्मले. वडिलांच्या तालमी कानांवर पडतच ते वाढले. १९५४ सालीं ते व्हिएन्नास जाऊन हान्स स्वारोव्स्की या आचार्यांपाशीं वृंदसंचालन शिकूं लागले. १९५६ च्या उन्हाळ्यांत इटलींतील सिएना येथील वर्गांत त्यांची गांठ क्लाउडिओ आबाडो या समवयस्क इटालियन विद्यार्थ्याशीं पडली. पुढें तेही स्वारोव्स्कींकडे आले. व्हिएन्नांत कारायान, ब्रूनो वाल्टर यांच्यासारखे थोर नायक येत. परंतु त्यांच्या तालमी पाहण्यास परक्यांना मज्जाव असे. दोघां मित्रांनीं युक्ति योजिली. त्या सभागृहाच्या गायकवृंदांत ते दोघे खर्जाचे गायक म्हणून भरती झाले! गाणें हें निमित्त. डोळे नायकाच्या हातावर. श्रोत्यांना नायकाची पाठ दिसते. गाणाऱ्याला त्याचा चेहरा दिसतो, आणि विद्या चेहऱ्याच्या बाजूस असते. तालीम संपल्यावर जें पाहिलें त्याविषयीं दोघांनीं बोलावें, हा त्यांचा खरा वर्ग. १९५८ सालीं अमेरिकेंतील टँगलवूड येथील स्पर्धेंत आबाडो पहिले आले, मेहता दुसरे. त्याच वर्षीं लिव्हरपूलच्या स्पर्धेंत मेहता पहिले आले. पहिल्या-दुसऱ्या क्रमांकानें त्यांच्या मैत्रींत अंतर पाडलें नाहीं. २०१४ सालीं आबाडो निवर्तले तोंवर ती टिकली.

दोन मित्रांना जें युक्तीनें मिळवावें लागलें, तें फिनलंडच्या राजधानींत सर्वांसाठीं उघडें करण्यांत आलें. योर्मा पानुला हे १९७३ ते १९९३ पर्यंत हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमींत वृंदसंचालनाचे प्राध्यापक होते. इतर ठिकाणीं विद्यार्थी पियानोपुढें किंवा आरशापुढें हात हलवीत. पानुलांच्या वर्गांत जिवंत वाद्यवृंद असे, आणि तो बऱ्याच अंशीं विद्यार्थ्यांचाच. एकानें पुढें उभें राहावें, बाकीच्यांनीं वाजवावें; मग पाळी बदलावी. प्रत्येकाचें काम चित्रफितीवर टिपलें जाई आणि नंतर सर्वांनीं मिळून तें पाहावें, असा क्रम. पानुला स्वतः फार थोडें बोलत. ज्याचें त्यानें पाहावें यावर त्यांचा भर. इसा-पेक्का सालोनेन, युक्का-पेक्का सारास्ते, ओस्मो वॅन्स्का हे जगप्रसिद्ध नायक याच वर्गांतून निघाले. सालोनेन हॉर्न वाजवीत, सारास्ते व्हायोलिन, वॅन्स्का क्लॅरिनेट. तिघेही आधीं रांगेंतले होते. सारास्ते आणि सालोनेन यांनीं पुढें आपल्या मित्रांसह १९८३ सालीं एक स्वतंत्र वाद्यवृंदही उभारला. एवढ्याशा देशानें इतके नायक कसे दिले याचें जगाला नवल वाटतें. उत्तरांतील मोठा भाग त्या वर्गाच्या व्यवस्थेंत आहे: तेथें कोणाचीही चूक झांकलेली नव्हती, आणि ती एकट्याचीही नव्हती.

असें शिक्षण महाराष्ट्राला अगदीं अपरिचित आहे असेंही नाहीं. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचें कुटुंब एके काळीं सांगलींत राहत असे. दीनानाथांच्या पश्चात् हें कुटुंब मुंबईस स्थायिक झालें, आणि तेथें त्यांनीं मुलांसाठीं चालविलेल्या सुरील कला केंद्रांत लक्ष्मीकांत कुडाळकर हा मेंडोलिन वाजविणारा आणि प्यारेलाल शर्मा हा व्हायोलिन वाजविणारा, अशीं दोन मुलें एकत्र आलीं. प्यारेलाल यांनीं व्हायोलिनचे धडे गोव्यांतील माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे घेतले. गोव्यांत चर्चच्या शाळांतून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविण्याची जुनी परंपरा होती. तेथून निघालेल्या वादकांनीं मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद भरून टाकले होते. लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल हीं दोन मुलें वर्षानुवर्षें दुसऱ्या संगीतकारांच्या वाद्यवृंदांत बसून वाजवीत राहिलीं, मग साहाय्यक झालीं. १९६३ सालीं त्यांचा पहिला चित्रपट पडद्यावर आला, तोंवर शंभर माणसांचा वृंद कसा हांकावा हें त्यांनीं शंभरांतलेच दोघे होऊन पाहिलें होतें.

येथें एक आक्षेप येणें स्वाभाविक आहे. आपल्याकडे विद्या गुरूकडून शिष्याकडे जाते. बरोबरीच्याकडून काय शिकावयाचें? शिवाय आपल्या वृंदादेखत दुसऱ्यानें चूक काढली, तर नायकाचा अधिकार राहील कसा? पहिल्या शंकेचें उत्तर मिरजेनेंच दिलें आहे. विष्णु दिगंबर पलुसकर हे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं कडक गुरुपरंपरेंतच शिकले. परंतु १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, तेव्हां विद्या कोंडून ठेवावयाची नाहीं असाच त्यांचा निश्चय होता. १९३१ सालीं मिरजेस त्यांचें देहावसान झालें, आणि त्याच वर्षीं त्यांच्या शिष्यांनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. गुरु गेल्यावर शिष्यांनीं वेगवेगळ्या गाद्या मांडल्या नाहींत. अभ्यासक्रम, परीक्षा आणि शिकविण्याच्या रीति यांचा विचार करावयास ते बरोबरीच्या नात्यानें एकत्र बसले. गुरुनिष्ठा आणि सहाध्याय यांत विरोध नाहीं, याचा याहून निराळा पुरावा कशाला हवा?

दुसऱ्या शंकेंत मात्र तथ्य आहे. मुलांदेखत नायकाचा पाणउतारा झाला तर पुढील तालीम फुकट जाते. म्हणून सहाध्यायालाही शिस्त पाहिजे. विश्रामबागेच्या परिसरांतील चार शाळांचे, एखाद्या महाविद्यालयाचे आणि एखाद्या भजनीमंडळाचे नायक महिन्यांतून एकदां एकाच्या तालमीस गेले, तर त्यांना पुढील क्रम पाळतां येईल. पाहुण्यानें आल्याबरोबर पुढें जाऊं नये. मागच्या रांगेंत उभें राहून मुलांबरोबर गावें. रांगेंतून नायक कसा दिसतो, त्याचा आरंभ कळतो कीं नाहीं, हें तेथेंच समजतें. मग पाहुण्यानें तेंच गाणें पंधरा मिनिटें घ्यावें आणि यजमानानें रांगेंत जावें. आपलींच मुलें दुसऱ्याच्या हातांखालीं वेगळीं कशीं गातात, हें ऐकण्यासारखा धडा नाहीं. चर्चा मुलें घरीं गेल्यावर व्हावी. चर्चेंत ‘तुमचा हात वाईट आहे’ असें कोणी म्हणूं नये. ‘दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या शब्दावर मुलें एकत्र उठलीं नाहींत’ असें म्हणावें. स्वभावाविषयीं बोलल्यास मनुष्य दुखावतो. शब्द आणि मात्रा यांविषयीं बोलल्यास तो विचार करूं लागतो. आणि एका वेळीं एकच सुधारणा हातीं घ्यावी. पांच सुचविल्या तर पांचही विसरल्या जातात.

पानुलांना चित्रफीत लागत असे. आज तें साधन प्रत्येकाच्या खिशांतील भ्रमणध्वनींतच आहे. मात्र तो सभागृहाच्या मागें ठेवून उपयोग नाहीं. तेथून नायकाची पाठच दिसेल. तो मुलांच्या मध्यें, नायकाकडे तोंड करून ठेवावा. मग तें चित्र एकदां आवाज बंद करून पाहावें, आणि एकदां डोळे मिटून नुसतें ऐकावें. नुसतें पाहिलें म्हणजे निष्कारण हातवारे किती होतात हें कळतें. नुसतें ऐकलें म्हणजे त्यांतील एकाही हातवाऱ्याचा गाण्यावर परिणाम झाला नव्हता हें कळतें! ही परीक्षा एकट्यानें दिली तर मनुष्य खचतो, किंवा स्वतःला सवलत देतो. चौघांनीं मिळून दिली तर हंसूं येतें. आणि हंसतांना पुष्कळ गोष्टी मान्य करतां येतात.

यांत खर्च नाहीं, इमारत नाहीं, नवी संस्थाही नको. हवी आहे ती एवढीच कबुली कीं, वृंदनायकाचें वाद्य माणसांचें बनलेलें असल्यामुळें त्याचा गुरूही माणसांचाच बनलेला असला पाहिजे. आपल्या वृंदापुढें उभें राहण्याची हौस पुष्कळांना असते. दुसऱ्याच्या वृंदांत मागें उभें राहण्याची तयारी थोड्यांची असते. ती ज्याची असेल तो पाहुणा नायक एखाद्या सायंकाळीं परक्या शाळेच्या शेवटच्या रांगेंत उभा राहील. शेजारचें मूल हळूच उतरत असलेलें त्याला ऐकूं येईल. पुढें उभ्या असलेल्या नायकाला तें तेथून ऐकूं येणें शक्यच नव्हतें. तालीम संपल्यावर तो आपल्या सहव्यवसायीला सांगेल, “पट्टी एक सुरानें उतरवून पाहा, आणि त्या मुलाला पेटीजवळ घ्या.” पुढच्या तालमींत तें मूल नुसते ओठ हलविणार नाहीं, तें गाईल.